लागेल तेवढंच

ती. आत्यास,

वाकून नमस्कार. (मान वर करायची सोयच उरलेली नाही.) तुझी कंबर कशी आहे? बाबांचा गुडघा वाकायला लागला का? नसेल तर घाई करू नका.

बाबा तुझ्याकडे आले आणि बुटांचा कारखाना (म्हणजे आपली पुढची खोली) माझ्या हाती आला. मी नुकतीच तीन दिवसांच्या वर्गात शिकून आले होते, की माल लागेल तेव्हा, लागेल तेवढाच करावा. साठा म्हणजे नासाडी. घरी बाबांनी शिकवलेलं, "असू दे, लागेल कधीतरी." 'लागेल' दोन्हीकडे आहे, तेव्हा फारसा फरक नसेल असं मला वाटलं.

पहिल्याच दिवशी वरच्या फळीवर अकरा बूट सापडले. सगळे डावे, सगळे आठ नंबरचे. मी ते भंगारवाल्याला दिले. तो म्हणाला, "ताई, उजवे कुठायत?" मी म्हटलं, "नाहीत, म्हणून तर देतेय." (किती ऐटीत म्हटलं ते आठवलं की कान तापतात.) शिल्लक चामडंही परत पाठवलं.

चौथ्या दिवशी मास्तर आले. तुला आठवत असतील, त्यांना डावा पाय नाही. सोबत त्यांचे एक स्नेही होते, त्यांना उजवा नाही, आणि शनिवारी त्यांच्या मुलीचं लग्न. मास्तर बाकावर टेकत त्यांना सांगत होते, "हिचे वडील मला एकटा बूट कधी करत नाहीत. म्हणतात, मास्तर, तुम्हाला जोडच करणार, डावा तुमचाच, फक्त माझ्याकडे ठेवतो. अकरा जमलेत. निवडा हवा तो!" दोघांनी फळीकडे पाहिलं. आत्या, मीही पाहिलं, जणू मलाच नवल वाटतंय. मग म्हटलं, फळी झाडायला काढलीय, बूट आत ठेवलेत, शुक्रवारी या.

भंगारवाल्याने बूट केव्हाच पुढे विकले होते, म्हणून नवा डावा करायला चामडं मागवलं. चामडेवाला फोनवर म्हणाला, "परवाच तर परत केलंत!" आणि दोन दिवस लावले. शुक्रवारी संध्याकाळी बूट झाला. मास्तरांनी तो नाकाशी धरला. "पोरी, जुन्या बुटाला ओल्या डिंकाचा वास?" मग मी सगळं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "वडिलांना तूच सांग."

तुझी भाची

ता. क. मला नाही जमणार. जेवण झाल्यावर, त्यांचा मूड बघून तू सांग. तोवर आठवडाभर त्यांना ठेवून घे.

ता. क. २. बूट एकच करायचा होता, पण हाताच्या सवयीने जोडच कापला गेला. आता आठ नंबरचा उजवा उरलाय. मास्तरांच्या नव्या बुटाची पाळी दीड वर्षाने. फळीवर ठेवलाय. असू दे, लागेल.