डॉक्टरीणबाईंपुढे मी 'नाही' म्हटलं

माय, जिवंतपणी तू चुलीवर दूध ठेवून विसरायचीस, आता मेल्यावर मला घातलेली शपथ तुला काय आठवणार! मला आठवते. न्हाणीत तुझी पाठ चोळत होते, तू अंग झाकायच्या आत छातीवरची गाठ दिसली, सुपारीएवढी. "कुणाला बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील," म्हणालीस. माझ्या मागे दोन बहिणी लग्नाच्या होत्या, बोभाटा नको होता. मी नाही बोलले. तोंड बघावं लागलंच. गावाला आपण शेवटपर्यंत तापच सांगितला.

मला अक्षर येत नाही, हे लिहून घेतेय माझी लेक, तुझी नात. हिची पाळी गेली तशा अंगातून वाफा निघायला लागल्या. नाशिकच्या शाळेत फळ्यापुढे उभ्या उभ्या घामानं पदर भिजायचा, झोपेचं तर नावच नाही. डॉक्टरीणबाईंकडे मी सोबत गेले होते. त्या म्हणाल्या, "हार्मोनच्या गोळ्यांनी वाफा थांबतील, झोप येईल, हाडंही टिकतील. पण काही वर्षं घेतल्या तर छातीच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो. घरात कुणाला गाठ होती का?"

हिनं माझ्याकडे पाहिलं.

"नाही हो," मी म्हटलं. इतक्या वर्षांची सवय, जीभ आपोआप वळली.

गोळ्यांनी पोरगी माणसात आली. गाणी म्हणत भांडी घासायला लागली, ते ऐकून मी आणखीच गप्प. आता रविवारी येते तेव्हा पेपर वाचून दाखवते, त्यात त्या गोळ्यांचंच काहीबाही. ती अक्षरं बघते, मी तिचा पदर बघते. आज न्हाऊन बाहेर आली ती डावी बाजू दाबून. "उसण भरलीय गं आई," म्हणाली. तूही हेच म्हणायचीस.

बघ, हिनं पेन खाली ठेवलं.

"आई, खरं हे?"

"आधी लिही. मग भांड."

माय, नाव तुझं घातलं, पण सांगायचं हिलाच होतं. तोंडावर धीर झाला नाही. तुझ्याकडे काही हा कागद येत नाही, उद्या तो डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर जाईल. गोळ्या ठेवायच्या की सोडायच्या, ते आता खरं ऐकून ठरवा म्हणावं, आणि आधी हिची छाती तपासा. आणि पोरी, काय म्हणाल्या ते इकडे सिन्नरला येणाऱ्या गाडीनं कळव, कंडक्टरजवळ निरोप आणि डबा दे. दुधातल्या दशम्या पाठव. मऊ कर, मला चावत नाही. आणि तूच थाप, दुसऱ्या कुणाच्या हातच्या नकोत.