सिंभोऱ्याचा समुद्र

प्रिय कुंदन,

'प्रिय' लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. आज तू मला जराही प्रिय नाहीस. फोनच केला असता, पण माझा आवाज चढला की तू फोन वर्षालीच्या हातात देतोस आणि ती बिचारी नवऱ्याच्या वाट्याचं ऐकून घेते. म्हणून पाकिटावर तुझं एकट्याचं नाव घातलं आहे. हे तूच वाच.

दिवाळीला तू पुण्याहून नवी गाडी घेऊन अमरावतीला आलास. यायच्या आधीच घरच्या ग्रुपवर सहलीच्या जागेची तुझी निवडानिवड सुरू होती. छत्री तलाव फारच जवळ, काटेपूर्णा मागच्या खेपेला झालं, लोणारला खाली उतरावं लागतं, चिखलदऱ्याच्या वळणांनी मुलांना उलट्या होतात. सकाळी निघून दिवेलागणीला घरी, ही तुझी अट. उंटावरून शेळ्या हाकायला तुझं काय जातं! मी एकच लिहिलं होतं, की आईला समुद्र बघायचा आहे. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेलीही फार दिवसांची नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. त्यावर तू नुसता अंगठा टाकलास.

तिला समुद्रच का हवा, हे मला माहीत नव्हतं असं म्हणू नकोस. तिचं माहेर दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. घरच्या विहिरीचं पाणी खारट, त्यात डाळ शिजायची नाही, गोड्या पाण्यासाठी लहानपणी डोक्यावर पाण्याची गुंडी घेऊन दुसऱ्या गावाला जायचं. आजोबा सांगायचे, फार पूर्वी इथे समुद्र होता, वरचा आटला आणि खालचा आपल्या विहिरीत राहिला. सासरी बार्शीटाकळीच्या बाजारात भाजी विकून तिने आपल्याला शिकवलं, पण स्वतःसाठी काही मागितलं नाही. खालचा समुद्र लहानपणी प्यायले, वरचा एकदा डोळ्यांनी बघू द्या, एवढीच तिची हौस.

आणि तू काय केलंस? मी क्लासवर शिकवायला गेले ते बघून तिला गाडीत घातलंस आणि मोर्शीच्या रस्त्याने सिंभोऱ्याच्या धरणावर नेलंस. पाण्याशी उभं करून सांगितलंस, आई, हा घे तुझा समुद्र. पलीकडचा काठ तिला दिसत नाही, हे तुझ्या पथ्यावरच पडलं. वर ग्रुपवर फोटो, आईची इच्छा पूर्ण केली म्हणून. उत्तमरावकाकांनी तुला श्रावणबाळ म्हटलं आणि तू तेही घेतलंस! अरे, अमरावतीहून समुद्र बघून कोणी संध्याकाळच्या चहाला परत येतं का? शेजारच्या मनकर्णाबाईंनी आईला नेमकं हेच विचारलं. आई म्हणाली, "पोराची गाडी लय पयते बाई." सगळी गल्ली तोंडाला पदर लावून हसली. तिचं मन मोडू नये म्हणून मी गप्प बसले, पण तुझी भाऊबिजेची साडी तेव्हाच उचलून कामवाल्या चंदाला देऊन टाकली.

मग समुद्र मी निवडायला घेतला. मुंबईच्या चौपाटीवर गर्दी, तिला धक्के लागतील. गणपतीपुळ्याचा प्रवास तिच्या गुडघ्यांना झेपायचा नाही. शेवटी अलिबागजवळचं नागाव ठरवलं. ठाण्याला उतरून गाडी करायची, ती वाळूच्या तोंडाशी जाते म्हणे. खुर्ची टाकून तिला बसवायचं, पाय ओले होऊ द्यायचे. महिनाअखेरची तिकिटंही काढली. ऐकून नाचेल असं वाटलं होतं, तर बाई जागची हलायला तयार नाही. कधी गुडघे दुखतात, कधी चतुर्थी आहे, कधी कुंदननं दाखवला ना समुद्र, आता किती वेळा पाहायचा.

परवा माझा तोल सुटला. ती तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी ओरडलेच, की समुद्र नव्हता तो, सिंभोऱ्याचं धरण होतं, तुझ्या लाडक्याने तुला फसवलं. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "मले काय समजत नाई काय? पानी तोंडात घेतलं तवाच समजलं, गोड होतं. पन आता खरा पाह्यला तं पोरगं खोटं पडीन. राहू दे बाप्पा." आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली. तुझी फजिती होऊ नये म्हणून ती समुद्र न बघताच आंधळी व्हायला निघाली आहे, कुंदन. मी रागावून, रडून, पाया पडून पाहिलं. माझ्याच्याने होत नाही, नाहीतर तुझ्या दारात मी पत्र टाकलं नसतं. आता तिला तू फोन कर. वर्षालीकडे देऊ नकोस, हसण्यावारी नेऊ नकोस, गाडीचं कौतुक सांगू नकोस. आई, मी खोटं बोललो, तू ताईसोबत जा, एवढंच म्हण. माझ्याशी नाही बोललास तरी चालेल.

तुझीच, काय करणार,
गीताताई