मी बेपत्ता नसल्याबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
‘दर्यासोबती’ ॲप कक्ष,
सिंधुदुर्गनगरी.

अर्जदार : हरिश्चंद्र सखाराम कुबल, मु. धाकटी वेळ, ता. मालवण.

विषय : समुद्रात हरवलेलो नसताना हरवलो असे धरल्याबद्दल, आणि आपले ॲप नक्की कोण वापरते ते येऊन बघण्याबद्दल.

संदर्भ : माझ्या होडीची नोंदणी स्थगित केल्याची आपली जुलैमधली नोटीस.

महोदय,

१. दि. १७ एप्रिल २०२५ रोजी मी समुद्रात हरवल्याचे मला वेंगुर्ल्यात चहा पिताना समजले. आमच्या शेजारचा साजिद मासळीचा टेम्पो घेऊन तिथे आला होता. मला बघून तो भर रस्त्यात ओरडला, “अरे हरी, तू हंयसर चाय पितंस? थंय तुका सोदूक बोट गेली आसा!” मी विचारले, “मग, गावलंय काय मी?” त्याला हसू आले नाही. म्हणून अर्धा चहा टाकून त्याच्याच टेम्पोने घरी आलो.

२. हे कसे घडले ते लिहितो. आपल्या ॲपची रीत अशी की होडी काढताना “निघालो” दाबायचे. मग परतल्याचे कळवेपर्यंत ॲप अधूनमधून विचारते, “आपण सुरक्षित आहात का?” त्यावर “होय” दाबायचे. दाबले नाही तर ॲप घरच्या माणसाला फोन लावते, आणि त्यानेही उचलला नाही तर गस्तीची बोट निघते. रीत चांगली आहे. फक्त ती ठरवताना असे धरले आहे की जो दर्यात जातो, फोन त्याच्याच हातात असतो. आमच्या वाडीत फोन होडीत कोणी नेत नाही. खारे पाणी लागले की फोन संपला. फोन घरी बायकोजवळ राहतो.

३. माझी पत्नी विमला हिने हे ॲप सुरू झाल्यापासून चालवले. मी त्याला बोटही लावले नव्हते. ती मागच्या दारातून बघायची, होडी दिसली की “होय” दाबायची. नाही दिसली तर चुलीवरचे उतरवून वाळूच्या उंचवट्यावर जायची, बघायची आणि मग दाबायची. वाऱ्याचा इशारा आला की आपली लाल साडी बांबूला बांधून तो वाळूत रोवायची. ती दिसली की माझीच नव्हे, वाडीतली सगळी होडकी मागे फिरत. कुणकेश्वरच्या जत्रेला गेली तेव्हा साडी आणि फोन दोन्ही साजिदच्या बायकोकडे, हमिदाभाभींकडे देऊन गेली. त्या दिवशीही ॲपची काही तक्रार नव्हती. पुढे आपल्या कार्यालयाने वेळेवर उत्तर देणारा उत्कृष्ट वापरकर्ता म्हणून मला प्रमाणपत्र दिले. ते तिने खिळ्याला टांगले आणि म्हणाली, “नाव तुमचां, बोट माझां.”

४. शिमगा झाल्यावर विमलाला ताप आला. त्यातच ती गेली. त्यानंतर मी पहिल्यांदा होडी काढली ती १७ एप्रिलला. “निघालो” दाबले आणि सवयीने फोन खिडकीत ठेवून गेलो. परत आल्यावर मासळी दिली. घरी जाऊन करायचे काय, म्हणून जाळ्याचा दोरा आणायला परस्पर एस.टी.ने वेंगुर्ल्याला गेलो. इकडे खिडकीत माझा फोन विचारत राहिला. मग त्याने घरच्या माणसाला फोन लावला. तो नंबर विमलाचा. तिचा फोन त्याच खिडकीत, माझ्या फोनला टेकून असतो. मी तो रोज चार्ज करतो. दोघे एकमेकांशेजारी वाजत राहिले, आणि दाराला कुलूप.

५. यातून शहाणा होऊन पुढच्या वेळी फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेला. ओल्या बोटाला तो दाद देईना. जोर लावला तर अंगठा घसरून “मदत हवी” दाबले गेले. बोट आली. एवढ्या लांब आलेल्या माणसांना उपाशी कसे पाठवायचे, म्हणून घरी आणून बांगड्याचे तिखले वाढले. माझ्या हातचे असल्याने मीठ जास्त होते, पण सगळ्यांनी ताट स्वच्छ केले. तिसऱ्या वेळी पुन्हा तेच झाले तेव्हा बोटीवरचा सुदेश दुरूनच ओरडला, “काका, आज खरांच बुडलास, काय जेवूक बोलवतास?”

६. मे महिन्यात आपल्या कक्षाच्या प्राजक्ताताई वाडीत आल्या. “वापरकर्त्यांनी” देवळात जमावे असा निरोप होता, म्हणून आम्ही पुरुष जाऊन बसलो. बायका बाहेर चहा करत होत्या. ताईंनी विचारले, “काका, ॲपमध्ये तुम्हाला काय हवं?” असे विचारल्यावर गप्प राहणे बरे दिसत नाही. एक म्हणाला बटण मोठे करा, दुसरा म्हणाला गाणे लावा. जूनमध्ये बटण मोठे झाले आणि गाणेही आले. आता माझा फोन रिकाम्या घरात गाणे म्हणतो. यात ताईंना दोष नाही, त्या मन लावून लिहून घेत होत्या. तुम्ही रोज काय करता, हे त्यांनी विचारले नाही आणि ते सांगायचे असते हे आम्हाला सुचले नाही. कप परत घेताना हमिदाभाभी म्हणाल्या होत्या, “ताई, माका पण एक सांगूचा होता.” तेवढ्यात गाडी सुटली.

७. आता तीन वेळा खोटी हाक दिली म्हणून माझी नोंदणी स्थगित आहे. घरचा माणूस बदलल्याची पावती आणली तर ती उठेल, असे नोटिशीत आहे. नारळी पौर्णिमेला सगळ्यांनी होड्या लोटल्या. माझी सुरूच्या झाडाच्या सावलीत आहे आणि साजिदची कोंबडी तिच्यात अंडी घालते. माणूस बदलायला मी तयार आहे. हमिदाभाभी म्हणाल्या, “फोन माज्याकडे देवा नी गप दर्यार जावा.” पण ॲपच्या यादीत पत्नी, मुलगा, मुलगी, आई एवढेच होते. आम्हाला मूल नाही, आणि शेजारीण यादीत नाही. प्राजक्ताताईंना फोन केला तेव्हा त्यांनी “इतर” असा पर्याय घालून दिला, त्याबद्दल आभार. मात्र आधीच्या माणसाची संमती लागते. त्यासाठी विमलाच्या फोनवर असा प्रश्न आला आहे : “आपण हरिश्चंद्र कुबल यांची जबाबदारी सोडत आहात का? होय / नाही.”

८. तरी विनंती की, माझी स्थगिती उठवावी. प्राजक्ताताईंना एखाद्या सकाळी आमच्या किनाऱ्यावर पाठवावे. त्यांनी काही विचारू नये, नुसते बायकांजवळ वाळूत बसावे आणि फोन कोणाच्या हातात आहे ते बघावे. जेवण आमच्याकडे. हमिदाभाभी करतील, मी नाही. आणि वरचा प्रश्न बदलावा. त्याजागी “आता किनाऱ्यावर कोण बघेल?” असे विचारावे. त्याचे उत्तर आमच्याकडे आहे.

होडीसह वाळूवर थांबलेला,
हरिश्चंद्र सखाराम कुबल
धाकटी वेळ, दि. १४ ऑगस्ट २०२५

सोबत :
१. नोटिशीची प्रत.
२. विमलाच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत.
३. उत्कृष्ट वापरकर्ता प्रमाणपत्र, मूळ. नाव दुरुस्त करून परत मिळावे.

जोडायची राहिलेली : माणूस बदलल्याची पावती. ती विमलाच्या फोनवर “होय” दाबल्यावर निघते. मी अजून दाबलेले नाही.