उताराच्या टोकाची जागा

मी, खाली सही करणारी, धंदा शिवणकाम, विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे गुडघे गेले आहेत, बुद्धी जागेवर आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला आले होते त्यांना चहा पाजून परत पाठवले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी म्हटल्यास तो कागद खोटा समजावा.

कलम १. राहते घर आणि बँकेतील शिल्लक माझ्या मुलाला. तो दूर असतो आणि दर फोनला म्हणतो, "आई, तू कशाला वाईटपणा घेतेस?" वाईटपणा मी माझ्याबरोबर नेत आहे. त्याने निर्धास्त राहावे.

कलम २. शिलाई मशीन, कात्र्या आणि इस्त्री शेजारच्या सुनेला. बाकीचे माझी तब्येत विचारताना मशीनकडे बघतात. ही एकटी तोंडावर म्हणाली, "काकू, तुमच्यामागे मशीन मला द्याल? घाई नाही हं."

कलम ३. आता घरामागची मोकळी जागा, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप. ती यजमानांनी माझ्या नावावर घेतली होती. वस्तीच्या उताराचे हे शेवटचे टोक. सगळ्यांच्या मोऱ्यांचे पाणी इथवर धावत येते आणि पुढे वाट नाही म्हणून खालच्या गल्लीतल्या घरांत शिरते. त्या गल्लीत माझी पुतणी राहते. तिची मुलगी खाटेवर रांगायला शिकली. खाली जमीन ओली असते, आणि ओल कशाची ते वासावरून कळते.

या पाण्यासाठी सरकारने निधी दिला. तो पाणी व सांडपाणी समितीकडे आला. समितीचे अध्यक्ष माझे धाकटे दीर, म्हणजे या पुतणीचेच वडील. शुद्धीकरण केंद्राला जागा हवी होती. भाऊजींचा टेकाडावरचा खडक आजवर कोणी फुकटही घेत नव्हते. तो समितीने सरकारी पैशाने विकत घेतला आणि केंद्र तिथे बांधले. सांडपाणी चढ चढत नाही हे समितीला माहीत नव्हते असे मी म्हणणार नाही. मोऱ्या त्यांच्याही घरात आहेत.

उद्घाटनाला पाहुणे आले तेव्हा टाकी कोरडी. मग टँकरने पिण्याचे पाणी आणून तिच्यात ओतले, पाहुण्यांनी कळ दाबली आणि पाणी शुद्ध झाल्याचे जाहीर झाले. जाऊबाईंनी त्यातले पेलाभर पिऊन दाखवले. टाळ्या पडल्या. त्याच दुपारी पुतणी सुपलीने घरातले पाणी उपसत होती.

आता दुसऱ्या टप्प्याचा निधी येणार आहे. माझ्या जागेवर पंप बसवून पाणी टेकाडावर चढवायचे असा बेत आहे. पाहणीला आलेल्या इंजिनिअर बाई जागा बघून म्हणाल्या, "टाकी इथेच बांधा की. पाणी आपण होऊन येतंय, पंप कशाला?" भाऊजींनी त्यांना बाजूला नेले. पण हळू बोलणे त्यांच्या स्वभावात नाही.

"मॅडम, पंपच नाही म्हटल्यावर पुढचा निधी कशाच्या नावानं मागायचा?"

मग माझ्याकडे आले. "वहिनी, जागा समितीला लिहून द्या. तुमच्या नावाची पाटी लावतो."

"गटारावर?"

"संगमरवरी लावू."

माणूस निर्लज्ज असला तरी चालतो, निदान थोडा हुशार असावा.

ही जागा मी पुतणीला देत आहे. तिने ती सरकारला फक्त टाकीसाठी द्यावी, जिच्यात पाणी उताराने येईल आणि तिथेच साफ होईल. पंपासाठी वीतभरही देऊ नये. समितीला तर उभे राहायलाही देऊ नये.

मी हे तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "काकू, बाबा कोर्टात जातील. म्हणतील, शेवटी शेवटी काकूच्या डोक्यावर परिणाम झाला होता."

म्हणतील. आत्ताच म्हणतात, पानाच्या टपरीवर, दवाखान्यात, माझ्याच ओट्यावर बसून.

कलम ४. साक्षीदारांविषयी. मी शुद्धीवर होते आणि सही समजून केली, एवढेच साक्षीदाराने सांगायचे असते. त्याने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, असे वकील सांगतात. म्हणून पहिले साक्षीदार भाऊजी. निरोप पाठवला तर लगेच "येतो" म्हणाले. जागा समितीलाच मिळणार असे ते धरून चालले आहेत. कागद मी त्यांच्यासमोर उघडे ठेवणार आहे, काही झाकणार नाही. वाचले तर सही करणार नाहीत, आणि मला दुसरा उपाय शोधावा लागेल. दुसरे साक्षीदार आमचे डॉक्टर. त्यांनी जे घडेल ते खाली लिहावे.

स्थळ: राहते घर, शिवणाची खोली.
दिनांक: सह्या होतील त्या दिवसाचा, डॉक्टरांनी घालावा.

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार १: मृत्युपत्र करणारी पूर्ण शुद्धीवर असून तिने माझ्यासमोर सही केली.
(सही) दीर

साक्षीदार २: वरीलप्रमाणे. तीन जून. सर्व पाने अध्यक्षांच्या पुढ्यात उघडी होती. त्यांनी "कुठे करायची?" एवढेच विचारले आणि सही केली. समितीचा शिक्का त्यांनी आपणहून मारला.
(सही) डॉक्टर