अच्चनांना काय म्हणावं

रोहा
६ नोव्हेंबर १९८९

ती. स्व. बाबांस, सरूचा कृतानेक सलाम. वि. वि.

इकडे आम्ही तिघं खुशाल. बाळी अंगाने भरली आहे आणि रडायला लागली की मागच्या चाळीपर्यंत ऐकू जातं. वर्गीसला धाटावच्या कंपनीत पुन्हा रात्रीची शिफ्ट लागली, त्यामुळे दिवसा तिला गप्प ठेवणं हेच माझं काम.

बाळीचा बाप्तिस्मा रविवारी २६ तारखेला ठरला. तो यांच्या ऑर्थोडॉक्स रीतीने होईल, हे लग्नातच ठरलं होतं. केरळातल्या लग्नाला तुम्ही प्रवास लांबचा म्हणून आला नाहीत, ते मी समजून घेतलं. रोहा काही लांब नाही, आणि आता तर पेणहून रेल्वे आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. पनवेलहून यांचे धर्मगुरू येतील. त्यांना सगळे अच्चन म्हणतात. आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांना कोणी नुसत्या नावाने हाक मारली तर आपल्याला कसं वाटेल, तसं या लोकांना अच्चन न म्हटलं की वाटतं. काही जण वाकून त्यांच्या हाताचं चुंबन घेतात. तुम्ही तसं करायला नको, दोन्ही हात जोडले तरी पुरे. वर्गीसच्या आई मुद्दाम गावाहून आल्या आहेत. तुमच्या तोंडून एकदा अच्चन ऐकलं की त्यांच्या जिवाला बरं वाटेल. अर्थ विचाराल म्हणून सांगते, अच्चन म्हणजे पिता.

आईला सलाम. लोभ आहेच, तो घेऊन इकडे या म्हणजे झालं.

तुमची,
सरू


पेण
१० नोव्हेंबर १९८९

चि. सौ. सरूस, अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. बाळीचा मजकूर तुझ्या आईने माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतला.

अर्थ तू सगळ्यात शेवटी सांगितलास, मी मात्र तोच आधी धरला. पृथ्वीवर कोणाला पिता म्हणू नये, असं प्रभूने स्पष्ट सांगितलं आहे. नोकरीत असताना अलिबागकडचे एक कॅथलिक धर्मगुरू शाळेच्या कामाने भेटत. बाकीचे मास्तर त्यांना फादर म्हणत, मी साहेब म्हणे. ते हसून चालवून घेत. माझ्या मनात अनादर नव्हता, आजही कोणाबद्दल नाही. तुमच्या या गृहस्थांना मी रेव्हरंड म्हणेन, साहेब म्हणेन, पण तोंडात एक आणि मनात एक, असं या वयात मला जमायचं नाही.

त्याने विहीणबाईंचा अपमान होणार असेल, तर मी न आलेलाच बरा. आईला पाठवतो. तिच्याबरोबर पोहे आणि पापड येतील.

राग मानू नये. चि. वर्गीसला आशीर्वाद, बाळीला गोड पापा. आहे ती माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
बाबा


पेण
१४ नोव्हेंबर १९८९

चि. सौ. सरू हिस, आईचे आशीर्वाद.

तुझे बाबा दळण घेऊन गेलेत, तेवढ्यात लिहिते. तुला काय उत्तर टाकलं ते यांनी मला पत्र पेटीत पडल्यावर सांगितलं. मग मी काय गप्प बसते गो?

काल मोरू वाणी दारावरून जाताना ओरडला, गुरुजी, बरं हाय ना? हे लगेच व्हय व्हय करत ओटीवर. आत आले तेव्हा मी म्हटलं, तुम्ही ज्या वचनाचं बोट धरून बसलात, त्याच्या आधीची ओळ वाचा की. तिथे स्वतःला गुरुजी म्हणवून घेऊ नका असं लिहिलंय. सगळं पेण तुम्हाला जन्मभर गुरुजी म्हणतं, त्यात कधी वावगं दिसलं नाय? चिडले. म्हणाले, ते वेगळं. काय वेगळं म्हणून विचारलं, तर पवित्र शास्त्र घेऊन ओटीवर बसले ते थेट जेवायलाच उठले. जेवताना म्हणाले, येतो. पण तो शब्द माझ्या तोंडातून निघायचा नाय, असंही म्हणाले. मी म्हटलं, आधी घरातून पाय तर निघू दे.

तेव्हा आम्ही दोघं येतो. हे त्याच दिवशी परततील, मी बाळीला न्हाऊमाखू घालायला महिनाभर राहीन. हातावर सांभाळून घे तिला, मान अजून धरत नसेल. माझ्या पत्राचं यांच्याकडे बोलू नको. बाकी भेटीत. जीव लावतेस तशीच लावत राहा.

तुझी,
आई


पेण
२८ नोव्हेंबर १९८९

चि. सौ. सरूस, अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. आईला सांग, भात मी स्वतः केला आणि तो फारसा लागला नाही.

बाप्तिस्म्याच्या दिवशी मी त्या गृहस्थांना कशानेही हाक मारली नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. आपण इकडे बसावं, आपल्याला पाणी हवं का, असं आपण-आपण करून वेळ निभावली. वर्गीसचा चेहरा उतरलेला मी पाहिला. तुझाही.

संध्याकाळच्या गाडीला ते आणि मी एकाच डब्यात आलो. डबा जवळजवळ रिकामा होता, तरी मी दोन बाकं सोडून बसलो. नागोठण्याला मालगाडी जायची म्हणून आमची गाडी थांबवून ठेवली. माझ्या बाटलीतलं पाणी संपलेलं त्यांनी पाहिलं, आणि मी नको म्हणेपर्यंत ती घेऊन उतरलेसुद्धा. नळ फलाटाच्या पार टोकाला. मालगाडी धडधडत गेली, त्या आवाजात आमच्या गाडीची शिटी त्यांना ऐकू आली नसावी. गाडी हलली तरी ते आपले पाठमोरे, बाटली भरताहेत.

मी दारात जाऊन अहो, अहो म्हणून ओरडलो. फलाटावरच्या सगळ्यांनी वळून पाहिलं, एक ते सोडून. साहेब म्हणून ओरडलो, तर स्टेशनचा बाबू वळला. गाडीने वेग घ्यायला सुरुवात केली होती. मग मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, अच्चन!

ते तत्काळ वळले. एका हाताने झगा वर धरून, दुसऱ्या हातात बाटली, असे धावत आले. ज्या हाताचं तुमचे लोक चुंबन घेतात, तो मी मनगटाला धरून खेचला आणि त्यांना आत घेतलं.

दम खाऊन झाल्यावर मी त्यांना खरं ते सांगून टाकलं, की हा शब्द मी म्हणणार नव्हतो, आणि का. त्यांनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही. त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाले, मुलीच्या वडिलांना काय म्हणावं हे त्यांनीही वर्गीसला आधीच विचारून ठेवलं होतं. गुरुजी म्हणा, असं वर्गीसने सांगितलं होतं. पण मी दिवसभर इतका लांब लांब राहिलो, की हाक मारायचा त्यांना धीर झाला नाही.

मग स्वतःचं सांगू लागले. त्यांची दीक्षा झाली त्या दिवशी सगळ्यांच्या आधी त्यांच्या वडिलांनी पुढे येऊन हाताचं चुंबन घेतलं आणि अच्चन म्हटलं. बापाने मुलाला. तेव्हापासून भाऊ, बहिणी, सगळं गाव अच्चन म्हणतं. आई तेवढी स्वयंपाकघरात, कोणी जवळ नसलं की नावाने हाक मारायची. ती या पावसाळ्यात गेली. लग्न त्यांनी केलेलं नाही. आता त्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नाही, असं साधेपणाने म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. मी नाव विचारलं. पैली. मला आपली भात मोजायची पायली ऐकू आली, ते सांगितल्यावर खूप हसले.

तो शब्द वचनात बसतो की नाही, यावर माझा विचार अजून चालू आहे. घाईने मत द्यायचा माझा स्वभाव नाही.

पेण आलं. मी उतरलो. मला पोचवायला ते दारापर्यंत आले आणि दांडा धरून तिथेच उभे राहिले. खालून मी म्हटलं, पैली, आत जाऊन बस बघू, दारात उभा राहू नकोस. वर्गातल्या पोराला म्हणावं तसं. ते जी गुरुजी म्हणाले, आणि खरोखरच आत जाऊन बसले.

हे विहीणबाईंना सांगू नकोस. मी अच्चन म्हणून हाक मारली, एवढंच सांग. चि. वर्गीसला आणि बाळीला आशीर्वाद. म्हाताऱ्यावर लोभ राहू दे.

तुझा,
बाबा