घरातल्या सर्व्हरवर आईचा आवाज

शनिवार संध्याकाळ, आर. के. पुरम, दिल्ली

...पुन्हा तेच. आईच्या मोबाईलवर ‘परवानगी नाही’. ती समोर बसून पाहत होती. घशाच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज गेला. पहाडगंजच्या शाळेतल्या तिच्या तासांची रेकॉर्डिंग माझ्या कॉम्प्युटरवर आहेत. तिच्या मोबाईलमध्ये ती मावत नाहीत. इंटरनेटवर ठेवू म्हटलं, तर तिने पाटीवर लिहिलं, ‘घराबाहेर नको.’ म्हणून घरच्याच कॉम्प्युटरवर सर्व्हर, घरच्या वायफायपुरता.

फाईल वाचायची मुभा मी सगळ्यांना दिली होती. मग अडवतंय कोण?

बाबा मंत्रालयातून निवृत्त झालेले. म्हणाले, “साहेबांनी भेटीची वेळ दिली म्हणून कोणी थेट आत शिरतं का? आधी गेटवर पास, मग मजल्यावर.”

“बाबा, हे तुमचं ऑफिस नाही.”

“अच्छा. मग अडलंय कुठे?”

पाहिलं, तर गेटवरच. सर्व्हर स्वतःच्या वेगळ्या नावाने काम करतो. माझ्या फोल्डरच्या दारात तो परकाच. वाटेतल्या प्रत्येक फोल्डरला त्याच्यासाठी आत जाण्यापुरती परवानगी दिली, तिथे आणखी काय आहे ते डोकावून पाहण्याची नाही.

“मागच्या बाकावर कोण बोलतंय?” मोबाईलमधून आई म्हणाली.

समोरची आई हलली नाही. बाबा उठून उभे राहिले. इतका भरदार आवाज. इतके दिवस तो माझ्याच टेबलावर होता? हे कसं समजून घ्यायचं, कळत नाही. भरदार. दुसरा शब्द सुचत नाही.

रविवार सकाळ. आईने शेजारच्या नायर आंटींना खुणेने आत बोलावलं आणि मोबाईल त्यांच्या कानाशी धरला.