चरंडीवरची हिरवळ

२ सप्टेंबर
संतोषचा हैदराबादहून फोन. खुशीत होता. "आई, अप्पांसाठी अंगणात लॉन करून देतो. खोलीत पडून पडून माणूस खचतं गं." खरंच आहे. पक्षाघात झाल्यापासून हे अंगणात बसलेच नाहीत. दाराबाहेर उतरण करून घेतली, पण पुढं पावसाच्या पाण्याची उघडी चरंडी आडवी. व्हीलचेअर तिथंच अडते. चरंडीचं काय, विचारलं. "लोकेश बघेल. गार्डनची कामं तोच करतो."

५ सप्टेंबर
लोकेश आला. गोड बोलतो. त्याला चरंडी दाखवली. मागच्या उतारावरचं सगळं पाणी ह्यांच्या खोलीच्या भिंतीला लागून येतं, चरंडीतूनच रस्त्यावर जातं. घर बांधलं त्या वर्षी पाणी स्वयंपाकघरात शिरलं होतं. मग ह्यांनी स्वतः खणली, दगड बसवले. दर पावसाळ्याआधी लुंगी खोचून साफ करायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.
म्हटलं, उघडीच ठेव, वर लोखंडी जाळी टाक, खुर्ची जाईल.
"जाळी चांगली दिसत नाही अम्मा. आत पाइप घालतो, वर माती, वर गवत. टेन्शन बेडा, काळजी करू नका."
पाइप बघितला. मनगटाएवढा. सं.ला सांगितलं, तर म्हणे, "त्याला त्याचं काम करू दे की." एवढ्या हौसेनं करतोय पोरगा. पुढं काय बोलणार.

९ सप्टेंबर
माती पडली. हे खिडकीतून बघत होते. एकदम चांगला हात गजावर आपटायला लागले. "पाणी... पाणी..." भाग्या दिवसा ह्यांचं सगळं करायला येते, ती पेला घेऊन धावली. ह्यांनी ढकलला, सांडला. परत "पाणी". ती बिचारी परत भरून आणते.
मला कळलं होतं. बाहेर जाऊन लोकेशला थांब म्हटलं. "साहेबांना विचारा." साहेब म्हणजे सं. फोन लागला नाही, मीटिंगमध्ये असेल. संध्याकाळपर्यंत चरंडी बुजली. हे भिंतीकडे तोंड करून. जेवले नाहीत.

१४ सप्टेंबर
गवत बसवून झालं. आज खुर्ची थेट लॉनवर नेली. ह्यांनी चपला काढ म्हणून खुणावलं. पाय गवतावर ठेवले नि हसले. एकाच बाजूनं, पण हसले! किती महिन्यांनी... सं.ला फोटो पाठवला. फोनवर रडला तो. चरंडीचा विषय मीच काढला नाही.

२३ सप्टेंबर
दुपारी दणकून पाऊस. पाइपात पालापाचोळा अडकला असणार. लॉनवर तळं. मग उंबऱ्यावरून ह्यांच्या खोलीत. भाग्या नि मी दाराशी चादरी कोंबतोय, पाणी त्यांच्यातूनच येतंय. पलंगाखाली गेलं. हे वरून नुसते बघत होते.
कसंबसं हॉलमध्ये आणून दिवाणावर निजवलं.

२४ सप्टेंबर
लोकेश फोन घेत नाही. सं. म्हणतो, "दसऱ्याला येतोच आहे, मग बघू. एकदाच झालंय ना?" भिंतीला हातभर ओल चढलीय. ह्यांना खोकला. डॉ. म्हणाले, ओलीत ठेवू नका. हॉलमध्ये हे राहायला तयार नाहीत. आपली खोलीच हवी. अय्यो, कुणाकुणाला समजावू.

२८ सप्टेंबर
पाऊस उघडला होता. कोपऱ्यावरच्या बांधकामावरून बसप्पाला बोलावलं. गवत काढ, चरंडी मोकळी कर. सं.ला न विचारता. हे लॉनवरच बसले होते. बसप्पानं कुदळीचा पहिला घाव घातला नि ह्यांनी एका हातानं खुर्ची रेटली, त्याच्या पुढ्यात.
"नको."
"अहो, पाणी आत येतं. तुम्हीच खणली होती ना ही?"
"नको." गवताकडे बोट केलं. मग स्वतःच्या पायांकडे. नि रडायला लागले, लहान मुलासारखे.
चरंडी आठवत नाही, की आठवूनही नको म्हणतायत? कसं कळावं. बसप्पा माझ्याकडे बघतोय. आधी जाळीच टाकायला हवी होती, हे आता कुणाला सांगू. त्याला उद्या ये म्हटलं. येईल का, कोण जाणे.
चामुंडीच्या डोंगराकडून परत आभाळ भरून आलंय. ह्यांना आत चला म्हटलं. नाही म्हणून मान हलवली. भाग्याला सांगितलं, कपाटातल्या जुन्या चादरी काढून ठेव.